चॉकलेट कस्टर्ड पाय: घरगुती पदार्थामागचे कारखाने

दूध, अंडी आणि साखर यांचे मिश्रण मंद आचेवर दाट केले की त्यास कस्टर्ड म्हणतात, आणि मैदा व लोणी यांच्या पारीत सारण भरून ते भाजले की त्याचा पाय होतो. इंग्लंडात असे कस्टर्ड मध्ययुगापासून भाजले जाई. त्या काळची पारी मात्र पुष्कळदा इतकी टणक असे की ती खाण्यापेक्षा सारण धरून ठेवण्याच्याच कामी येई. इंग्रज वसाहतकारांबरोबर हा प्रकार अमेरिकेत गेला, आणि १७९६ मध्ये हार्टफर्ड येथे छापलेल्या अमेलिया सिमन्स यांच्या पाकपुस्तकात भोपळा, दूध व अंडी यांचे सारण पारीत भाजण्याची कृती आढळते.

चॉकलेट या परंपरेत उशिरा आले, कारण अठराव्या शतकात ते मुख्यतः पिण्याचे होते. मॅसॅच्युसेट्समधील डॉर्चेस्टर येथे जॉन हॅनन याने जेम्स बेकर याच्या भांडवलावर १७६५ च्या सुमारास पाणचक्कीवर कोको दळण्यास आरंभ केला. १७७९ मध्ये वेस्ट इंडीजच्या सफरीस निघालेला हॅनन परतलाच नाही, आणि धंदा बेकरकडे गेला. त्यांच्या चॉकलेटच्या वड्या गरम पाण्यात किंवा दुधात विरघळवून पेय करीत.

या पायच्या घडणीत चॉकलेटहून निर्णायक ठरले ते मक्याचे सत्त्व, म्हणजेच आजचे कॉर्नफ्लोअर. १८४२ मध्ये थॉमस किंग्सफर्ड याने न्यू जर्सीत ते वेगळे काढण्याची रीत बसवली, तीही कपड्यांच्या खळीसाठी. स्वयंपाकघरात ते पुढे शिरले. केवळ अंड्यांवर बांधलेले कस्टर्ड ८० अंश सेल्सिअसच्या आसपास घट्ट होते आणि त्याहून फार तापले की फुटते, म्हणजे अंड्यातील प्रथिने आकसून पाणी सोडतात. लाकडाच्या चुलीवर हा तोल सांभाळणे कठीणच होते. सत्त्वाचे कण फुगून मिश्रण धरून ठेवत असल्याने ते उकळता येऊ लागले, आणि आधी रिकामी भाजलेली पारी त्याने भरण्याची सोपी रीत रूढ झाली. भट्टीत भाजलेले कस्टर्ड अधिक मऊ असते हे खरे, परंतु त्याची खात्री देणारे तापमान-नियंत्रक घरगुती ओव्हनमध्ये येण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

मराठी घरांत पोहोचले ते कस्टर्ड दुसऱ्याच वाटेचे. अंडी न सोसणाऱ्या पत्नीसाठी बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड याने १८३७ मध्ये मक्याच्या पिठाची बिनअंड्याची पूड तयार केली. त्याच जातीची पूड पुण्यात १९५६ मध्ये स्थापन झालेल्या वीकफील्डने घरोघरी नेली, आणि शाकाहारी स्वयंपाकघरांत ती दुधात शिजवून, थंड करून, फळांसह वाढली जाऊ लागली. त्यासाठी ना पारी लागली, ना ओव्हन.