जुन्या बर्फावर नवा बर्फ

हॅनिबलाने आल्प्सचे खडक तापवले, त्यांवर शिरका ओतला आणि फोडून वाट केली, ही गोष्ट मी वर्गात पंधराएक वर्षे रंगवून सांगत आलो. मुलांना ती आवडते. खोटे कशाला बोलू, मलाही आवडते. एकदा मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, “गुरुजी, ताजा बर्फ तर भुसभुशीत. मग माणसे घसरली कशी?” मी त्याला खाली बसवले. उत्तर ठाऊक नव्हते, म्हणून.

उत्तर पॉलिबियसाजवळ होते. शिरक्याची कथा लिव्हीची. तो दोनशे वर्षांनी लिहीत होता. पॉलिबियस त्याच्या आधीचा. तो स्वतः आल्प्समधून गेला होता आणि त्या काळी हयात असलेल्या माणसांना त्याने विचारले होते. त्याच्या हकिकतीत शिरका नाही. बर्फ आहे.

इ.स.पूर्व 218. कृत्तिका पहाटे मावळण्याचे दिवस जवळ आलेले, म्हणजे आपल्याकडे कार्तिकाचा सुमार. खिंडीच्या माथ्यावर दोन दिवस थांबून सैन्य इटलीकडे उतरू लागले, तो अरुंद वाट सुमारे 900 फूट दरडीने तुटलेली. हॅनिबलाने वळसा घेऊन पाहिला. तेथे गेल्या हिवाळ्यातला बर्फ तसाच राहिला होता आणि त्यावर नुकताच नवा पडला होता. नव्यात पाय सहज रुते. खालच्या गोठलेल्या थराला टेकला, की दोन्ही पाय एकदमच निसटत. पडलेला माणूस हातागुडघ्यांवर उठू पाही, तो त्यांच्यासकट आणखी खाली जाई. ओझ्याची जनावरे उठण्याच्या धडपडीत जुना थर फोडून आत जात आणि ओझ्यासकट तेथेच अडकून राहत.

हिमप्रपात झाल्याचे पॉलिबियस येथे सांगत नाही. पण तो ज्या मांडणीतून होतो, ती हीच: खाली गुळगुळीत किंवा कच्चा थर आणि वर त्याला न चिकटलेला नवा भार. बर्फ जाणणारी माणसे हिवाळ्याच्या आरंभी खड्डा खणून थर तपासतात, ती याचसाठी. वरून सारे सारखेच पांढरे.

हॅनिबलाने वळसा सोडला, बर्फ झाडून तळ दिला आणि कड्यातून वाट बांधविली. घोडे एका दिवसात गेले. हत्तींना तीन दिवस लागले, तेही उपाशी. ऱ्होन नदीवरून निघाले तेव्हा पायदळ 38,000 आणि घोडदळ 8,000 वर. लढाया, उपासमार, कडे आणि बर्फ यांतून इटलीत पोचले 20,000 आणि 6,000.

तो मुलगा शाळा सोडून केव्हाच गेला. परवा धड्यात हॅनिबल आला, तेव्हा मी फळ्यावर दोन रेघा ओढल्या: खालची जाड, वरची ठिपक्यांची. शिरक्याला त्या तासात वेळ उरला नाही.