बर्फ, मीठ आणि श्वास

कोळशाच्या खाणीत स्फोट झाला की नंतर पसरणारा कार्बन मोनॉक्साइड वायू स्फोटाइतकाच जीवघेणा ठरतो. आत अडकलेल्यांना काढायला जाणाऱ्या बचाव पथकाला श्वासापुरती हवा सोबत न्यावी लागते. नोकरीनिमित्त यॉर्कशायरच्या कोळसापट्ट्यात स्थायिक झालो आणि मला या श्वसनयंत्रांचा इतिहास वाचायचा नादच लागला.

हेन्री फ्लूस या इंग्रजाने १८७९ च्या सुमारास असे यंत्र बनवले. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड रसायनाने शोषायचा, बाटलीतला ऑक्सिजन मिसळायचा आणि तीच हवा पुन्हा घ्यायची. १८८० मध्ये पाण्याने भरलेल्या सेव्हर्न बोगद्यात अलेक्झांडर लँबर्ट या पाणबुड्याने हेच यंत्र घालून आतला लोखंडी दरवाजा बंद केला.

खाणीत मात्र वेगळी अडचण होती. शोषण करताना रसायन तापते आणि श्वास गरम, दमट होतो. जे. एस. हॉल्डेन यांनी १९०५ मध्ये दाखवले, की स्थिर हवेत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाचा पारा सुमारे ३१ अंशांवर गेला, की स्वस्थ बसलेल्या माणसाचेही अंग तापू लागते. मग स्ट्रेचर उचलणाऱ्याचे काय होत असेल?

इथे शाळेत शिकलेली अप्रकट उष्मा कामी आली. एक किलो बर्फ नुसता वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता पितो. पण तो आयत्या वेळी गोठलेला हवा. ‘एरोरलॉक्स’ यंत्रातल्या द्रवरूप ऑक्सिजनने श्वास छान गार व्हायचा, पण तो सतत उडून जाई. ‘प्रोटो’ यंत्राच्या शीतकात सोडियम फॉस्फेटचे स्फटिक असत. ते साधारण ३६ अंशांना वितळतात. बर्फाइतका गारवा नाही, पण हे मीठ फळीवर वर्षभर तयार!

सर्व्हर रूमच्या थंडाव्याची चिंता वाहणाऱ्या माझ्यासारख्या आयटीवाल्याला हा हिशेब लगेच पटतो. सर्वांत थंड काय, यापेक्षा धोक्याची घंटा वाजेल तेव्हा हाताशी काय असेल, हे महत्त्वाचे. ड्रेगर कंपनीच्या ‘बीजी ४’ मध्ये बर्फच वापरतात, म्हणून तो फ्रीजरमध्ये कायम तयार ठेवावा लागतो.

ब्रिटनमधली शेवटची खोल कोळसा खाण, केलिंग्ली, २०१५ मध्ये बंद झाली. ती याच यॉर्कशायरमधली. पण आगीत आणि बोगद्यांत शिरणारे जवान आजही असतात. दुसऱ्याला वाचवायला गेलेला माणूस स्वतः धडधाकट परत यावा, यासाठी कुणीतरी मीठ-बर्फाचा विचार करून ठेवला, याचे मला फार अप्रूप वाटते.