शेवटाकडून मोजण्याची रीत

संगणकाच्या स्मृतीत क्रमाने मांडलेल्या घटकांच्या समूहाला ॲरे म्हणतात आणि त्यातील प्रत्येक घटकाचे स्थान दाखवणाऱ्या क्रमांकाला इंडेक्स. १९७० च्या दशकात बेल लॅबमध्ये घडलेल्या सी भाषेत हा क्रमांक म्हणजे आरंभापासूनचे अंतर असल्यामुळे पहिल्या घटकाला शून्य क्रमांक मिळाला. मात्र फंक्शनकडे ॲरे सोपवताना तिची लांबी सोबत जात नसल्याने ती निराळी सांभाळावी लागे, आणि शेवटचे तीन घटक हवे असल्यास लांबीतून तीन वजा करून तेथून पुढे वाचणे भाग पडे.

ही वजाबाकी टाळण्याचा विचार सीपेक्षा जुना आहे. केनेथ आयव्हर्सन यांनी १९६२ साली ग्रंथरूपाने मांडलेल्या गणिती लेखनपद्धतीतून आयबीएममध्ये एपीएल ही भाषा साकारली. तिच्यात घटक उचलण्याच्या क्रियेला धन संख्या दिली तर ते आरंभापासून आणि ऋण संख्या दिली तर अखेरीपासून मिळत, आणि दोनच संख्या असलेल्या ॲरेतून तीन मागितल्या तर उरलेली जागा शून्याने भरून येई.

त्याहून सूक्ष्म विचार राल्फ ग्रिसवोल्ड यांच्या ॲरिझोना विद्यापीठातील आयकॉन भाषेत दिसतो. तिने स्थाने घटकांमधील फटींना दिली: पहिल्या घटकाच्या अलीकडची जागा एक, अखेरच्या घटकाच्या पलीकडची शून्य, आणि तेथून मागे उणे एक, उणे दोन. त्यामुळे शेवटचे तीन घटक म्हणजे उणे तीनपासून शून्यापर्यंतचा भाग, आणि शेवटचे शून्य घटक म्हणजे शून्यापासून शून्यापर्यंतचा, अर्थात रिकामा भाग, हे आपोआप जुळे.

लोकप्रिय स्क्रिप्टिंग भाषांनी, म्हणजे छोटी कामे झटपट उरकण्यासाठी लिहिल्या जाणाऱ्या भाषांनी, यातील ऋण क्रमांकाची सोय उचलली, पण अखेरीचे शून्य उचलले नाही. लॅरी वॉल यांच्या १९८७ च्या पर्लमध्ये अखेरचा क्रमांक सांगणारे खास चिन्ह होते, आणि ऋण क्रमांक १९९४ च्या पाचव्या आवृत्तीत अखेरीपासून मोजले जाऊ लागले. गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पायथॉनमध्ये, जेथे ॲरेचे काम बहुधा लिस्ट करते, उणे तीनपासून पुढचा सारा तुकडा मागता येतो. परंतु तीनऐवजी चलातून शून्य आले की उणे शून्य म्हणजे शून्यच, आणि शून्य म्हणजे आरंभ, म्हणून एकही घटक नको असताना संपूर्ण लिस्ट हाती येते. लांबीतून वजाबाकी करून, उत्तर ऋण आल्यास ते शून्य धरून, ही चूक टाळता येते, पण मग ऋण क्रमांकाची सोय उरतच नाही. पॉवरशेलमध्ये तर शून्य ते उणे एक ही व्याप्ती मागितली असता पहिला आणि शेवटचा असे दोनच घटक मिळतात, आणि हा प्रकार नवशिक्यांना हमखास चकवतो.

युकिहिरो मात्सुमोतो यांची १९९५ मध्ये प्रकाशित झालेली रूबी या बाबतीत उजवी ठरते, कारण तिच्यात शेवटचे अमुक इतके घटक देणारी स्वतंत्र मेथड आहे आणि शून्य मागितल्यास ती रिकामी ॲरे देते. जावास्क्रिप्टमध्ये कंसातला उणे एक हे निव्वळ एका गुणधर्माचे नाव मानले जाते, म्हणून अखेरचा घटक ऋण क्रमांकाने थेट मिळवण्याची मेथड २०२२ च्या प्रमाणकात दाखल झाली. ती एका वेळी एकच घटक देते, आणि अनेक घटकांसाठी वापरल्या जाणाऱ्या स्लाइस या मेथडमध्ये शून्याचा दोष आजही कायम आहे.