उलटी चढणारी फोर्ड

गाडी चढावर ओढत नाही म्हटलं की आपल्याकडे पहिला संशय इंजिनावर. "इंजिन काम मागतंय" असं सांगणारा एक तरी काका प्रत्येक सोसायटीत असतोच. पण गाड्यांचा शंभरेक वर्षांचा इतिहास चाळला, की मजेशीर गोष्ट दिसते. चढावर दम टाकण्याची कितीतरी प्रकरणं इंजिनाची नाहीतच. ती टाकीपासून इंजिनापर्यंतच्या पेट्रोलच्या वाटेची आहेत.

सगळ्यात प्रसिद्ध प्रकरण फोर्डच्या मॉडेल टीचं. 1908 साली आलेली ही गाडी 1927 पर्यंत दीड कोटींच्या वर बनली. वीस अश्वशक्तीचं इंजिन, आणि पेट्रोलची टाकी चक्क पुढच्या सीटखाली. किती पेट्रोल उरलंय ते बघायचं तर सीट उचलायची आणि टाकीत काठी बुडवायची! पेट्रोल इंजिनापर्यंत न्यायला पंप नव्हता. टाकी कार्बोरेटरपेक्षा थोडी उंच, त्यामुळे पेट्रोल आपलं आपण उताराने वाहत जायचं. बस्स.

आता ही गाडी उभ्या चढावर नेली की काय होणार? नाक वर, सीट खाली. टाकी अर्ध्याहून रिकामी असेल तर कार्बोरेटर पेट्रोलच्या पातळीपेक्षा वर जायचा. पेट्रोल बंद, गाडी बंद. इंजिन ठणठणीत, टाकीत पेट्रोल आहे, आणि तरी गाडी मधेच उभी. अमेरिकेतल्या लोकांनी यावर काढलेला उपाय मला फार आवडतो: गाडी वळवायची आणि रिव्हर्समध्ये चढवायची. टाकी वर, इंजिन खाली, पेट्रोल पुन्हा सुरू. शिवाय त्या गाडीचा रिव्हर्स गियर पहिल्या गियरपेक्षाही जोरकस होता, तो बोनस. कंपनीने 1926 च्या मॉडेलात बहुतेक प्रकारांमध्ये टाकी उचलून समोरच्या काचेखाली बसवली. चढ सुटला, पण गुडघ्यांसमोर पेट्रोलची टाकी आली!

टाकी मागे ठेवू इच्छिणाऱ्या कंपन्यांनी दुसरी युक्ती केली. इंजिन हवा आत ओढताना जी चोषण निर्माण होते, तिच्याच जोरावर मागच्या टाकीतलं पेट्रोल पुढच्या एका छोट्या डब्यात खेचायचं. आयडिया झकास, पण गोची बघा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ही चोषण जवळजवळ नाहीशी होते. म्हणजे लांबलचक चढावर, जेव्हा सगळ्यात जास्त पेट्रोल हवं, नेमकं तेव्हाच ते येणं थांबायचं. डब्यातलं संपलं की गाडी खोकायला लागायची. जाणकार ड्रायव्हर चढावरच क्षणभर पाय काढायचे. डबा भरला की पुन्हा दाबायचा. आमच्या क्षेत्रात याला लोडखाली कोसळणारी सिस्टीम म्हणतात, आणि टेस्टिंग रिकाम्या सर्व्हरवर झालेलं असतं :-)

1920 च्या दशकाच्या शेवटी इंजिनावर चालणारा छोटा यांत्रिक पंप आला आणि चोषणेचा घोळ मिटला. हाच पंप पुढे आपल्या फियाट आणि ॲम्बॅसडरमध्ये होता, आणि त्यासोबत आला नवा आजार. पंप गरम इंजिनाला चिकटलेला, आणि तो टाकीतून पेट्रोल ओढतो, म्हणून नळीत दाब कमी. दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. मे महिना, खंडाळ्याचा घाट, पुढे ट्रकची रांग, गाडीत सहा माणसं: नळीत पेट्रोलची वाफ धरायची आणि पंप ती वाफच हलवत बसायचा. मग बोनेट उघडून पंपावर ओलं फडकं. वडिलांच्या पिढीतल्या कित्येकांनी हे केलेलं आहे. काहींना तो गावठी इलाज वाटतो, पण निदान शंभर टक्के बरोबर होतं.

2000 च्या आसपास आपल्याकडे कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. पंप विजेचा झाला आणि थेट टाकीत बुडाला. आता तो ओढत नाही, मागून ढकलतो, तेही तीनेक बार दाबाने. त्यामुळे वाफ धरण्याचा प्रकार जवळजवळ संपला.

पण चढ मात्र तोच राहिला. हिशोब करून बघा. हजार किलोची गाडी, शंभर मीटरला सहा मीटर चढ, ताशी साठचा वेग: नुसतं वर जायला सुमारे दहा किलोवॅट जास्त लागतात. सपाटीवर त्याच वेगाला एकूण लागतात त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे अर्धवट तुंबलेला पेट्रोल फिल्टर शहरात वर्षभर कळणारच नाही. कळेल तो घाटात.

माझ्या चौदा वर्षांच्या गाडीचं हेच झालं. शहरात मस्त, घाटात झटके. एका वर्कशॉपने स्कॅनर लावला, एरर काही नाही, आणि थेट इंजिन उतरवायचं एस्टिमेट दिलं, जे गाडीच्या किमतीच्या निम्मं होतं. आई-बाबांना घेऊन दर महिन्याला घाट चढायचा, त्यामुळे गाडी विकायचं जवळपास ठरलंच होतं. खोपोलीतल्या एका मेकॅनिकने आधी एकच प्रश्न विचारला: "चढावर इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी पळत नाही, की आवाजच पडतो?" पहिलं असेल तर क्लच घसरतोय. माझा आवाज पडत होता. मग त्याने पेट्रोलच्या लाइनला लांब नळीचा प्रेशर गेज जोडला, तो बाहेरून काचेवर वायपरखाली अडकवला, आणि म्हणाला, चला घाटात. उभ्या गाडीत काटा तीनवर. सपाटीला तीनवर. चढ लागला, पाय दाबला, आणि काटा सरकत दीडच्या खाली.

टाकीतला फिल्टर बदलला, पंप तोच ठेवला. जुना फिल्टर त्याने कापून दाखवला. आत काळा चिखल होता. पुन्हा त्याच चढावर गेलो तेव्हा काटा तीनवरून हलला नाही.