रबर आणि गंधक

जुन्या डिझेल गाडीच्या पंपातून डिझेल झिरपायला लागलं की लोक म्हणतात, पंप गेला. मी माझ्या जुन्या जीपचा रोटरी पंप घरच्या पडवीत उघडून सील बदलतो. आतलं पोलाद धडधाकट असतं. थकलेलं असतं ते फक्त रबर. ते का थकलं, याची मुळं पंपाच्या आणि डिझेलच्या इतिहासात आहेत.

१८९७ साली जर्मनीत ऑग्सबुर्गला रुडॉल्फ डिझेलचं इंजिन यशस्वी झालं, तेव्हा त्याला असा पंपच नव्हता. इंधन दाबाच्या हवेनं सिलिंडरमध्ये फुंकलं जाई, आणि त्यासाठी कॉम्प्रेसर बाळगावा लागे. एवढं धूड गाडीवर कसं चढणार? उत्तर मिळालं श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात. १९२२ला काम सुरू झालं आणि १९२७पासून पंप तयार होऊन बाहेर पडू लागले. प्लंजर म्हणजे दट्ट्या आणि बॅरल म्हणजे त्याची नळी, यांच्यात जेमतेम दोन-तीन मायक्रॉनची फट. ना गॅसकेट, ना रबर. धातूनंच दाब धरायचा. जोडी एकमेकांसाठी घासलेली, त्यामुळे एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये चालत नाही. यंत्रांच्या दुनियेत याहून देखणं काम मी पाहिलेलं नाही.

आपल्याकडे पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ची. विहिरीविहिरीवर डिझेल इंजिन पोचलं. १९५१ला बंगळुरात बॉशचे पंप बनवणारी मायको कंपनी उभी राहिली, १९६९ला नाशिकला तिचा कारखाना आला. हमरस्त्यालगतच्या गावांत ‘डिझेल पंप व नोझल’ अशा पाट्या लागल्या. बेंचवर पंप फिरवून काचेच्या नळ्यांत प्रत्येक सिलिंडरचं डिझेल मोजणारे मिस्त्री हे या इतिहासातले खरे जाणकार, आणि त्यांची नोंद कुणी ठेवलेली नाही याचं मला वाईट वाटतं.

रबराचा प्रश्न मोठा झाला तो रोटरी पंपात. बॉशचा व्हीई पंप १९७५चा. त्यात एकच प्लंजर सगळ्या सिलिंडरांना डिझेल पुरवतो. पंपाचं पोट डिझेलनं भरलेलं, वंगणही डिझेलचंच. म्हणजे शाफ्ट, झाकण, थ्रॉटलची दांडी, सगळीकडे रबरानंच डिझेल अडवायचं.

मग डिझेल बदललं. प्रदूषणाच्या भारत स्टेज तीन नियमांमध्ये गंधकाची मर्यादा दशलक्षात ३५० भाग होती, चारमध्ये ५०, आणि १ एप्रिल २०२०पासून देशभर १०. हवेसाठी हे हवंच होतं. पण रिफायनरीत गंधक काढताना डिझेलमधली सुगंधी (ॲरोमॅटिक) संयुगंही कमी होतात. त्यांच्यामुळे जुनं नायट्राइल रबर फुगून घट्ट बसलेलं असतं. ती घटली की रबर आक्रसतं. अमेरिकेत १९९३ला गंधक उतरवलं, तेव्हा तिथल्या जुन्या पंपांनाही अशीच गळती लागली.

म्हणून घरी काम करणाऱ्यांना माझं सांगणं आहे. पंप सोडण्याआधी फ्लँजवर टायमिंगची खूण करा. थ्रॉटलचा लिव्हर दांडीवर कुठल्या दात्यावर बसलाय तेही आखून ठेवा, नाहीतर इंजिनाची चाल बिघडते. झाकण उचलताना आत गव्हर्नरची स्प्रिंग अडकवलेली असते, ती आधी सोडवा. सगळं धुतलेल्या, धूळ नसलेल्या जागी करा. प्लंजर-हेडला मात्र हात लावू नका; ते काम बेंचवाल्या पंप मिस्त्रीचं. आणि पंप भंगारात घालण्याआधी एकदा सील किट आणा, पण ती नायट्राइलची नव्हे, व्हायटॉन रबराची आहे ना, हे विचारूनच घ्या.