कीर्तनातले हात

दिंडीला शंभर वर्षं झाली, अंकासाठी काहीतरी लिहा, असं मंडळींनी सांगितलं. विणेकरी कोण कोण होऊन गेले, पहिला तंबू कधी घेतला, हे जाणती मंडळी लिहितीलच. मी चौथी शिकलेला माणूस, मी कीर्तनातल्या हातवाऱ्यांचं लिहितो. अभंग गाथ्यात राहिले, चाली कॅसेटीत राहिल्या. पण जुने महाराज उभे कसे राहायचे, हात कुठवर उचलायचे, हे कुणी लिहून ठेवलं नाही. पाहिलेली माणसं गेली की तेही गेलं.

नारदीय कीर्तन वेगळं, आपलं वेगळं. तिकडं बुवा पगडी घालून पुढं एकटे, साथीला पेटी-तबला. पूर्वरंग झाला की उत्तररंगात आख्यान लागतं. मग बुवाच राजा, बुवाच राणी. तिथं सोंग वठवावंच लागतं, त्याला नावं ठेवू नयेत. आपल्याकडं एका अभंगाचं निरूपण. मागं टाळकऱ्यांच्या रांगा, शेजारी विणेकरी, बाजूला मृदंगी. फिरायला जागा असते कुठं? म्हणून आपलं बोलणं कमरेच्या वरचं : हात, मान आन् डोळे. पाय हलायचे ते गजरात, पावली धरल्यावर. नामदेवराय कीर्तनात नाचायचे असं संप्रदाय मानतो, ते नाचणं नामाचं.

कीर्तनकाराचा हात दोन्हीकडं बोलतो. पुढच्या श्रोत्याला अर्थ सांगतो, मागच्या टाळकऱ्याला हुकूम. आमच्याकडं हात मागं वळला की ध्रुपद उचलायचं, तळहात खाली दाबला की मृदंग शांत. तोंडानं सांगायची वेळ आली म्हंजे साथ कच्ची.

आमच्या आजोबांच्या वेळी कर्णा नव्हता. पारावर नाहीतर देवळापुढं गॅसबत्तीच्या उजेडात कीर्तन व्हायचं. शेवटच्या माणसाला शब्द अर्धा कळायचा, बाकीचा हातावरून कळायचा. म्हणून हात सावकाश अन् मोठा. विठोबा म्हणताना दोन्ही हात कमरेवर गेले की मागं बसलेल्या म्हातारीचे हात आपोआप जोडले जायचे. मग गावात लाऊडस्पीकर आला. आवाज वेशीपर्यंत गेला, पण महाराज खांबावरच्या माईकला बांधले गेले. मान वळवली की आवाज गायब! तेव्हापासून तोंड एका जागी अन् हात मात्र भराभर, असं झालं. आता कॉलरला लावायचा माईक आलाय, मान मोकळी झाली. पण जुना सावकाश हात काही परत आला नाही.

गाडगेबाबांची तऱ्हाच निराळी. जन्म १८७६ चा, अमरावतीकडचा. अंगावर चिंध्या, हातात गाडगं आन् काठी. दिवसभर गावात खराटा मारायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. ज्यांनी दिवसा ते हात पाहिले, त्यांना रात्री स्वच्छता वेगळी सांगावी लागत नसे. श्रोत्यालाच प्रश्न विचारायचे अन् त्याच्याच तोंडून होकार घ्यायचे. १९५६ साली मुंबईत बांद्र्याला झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे, त्याच साली डिसेंबरात बाबा गेले. मी ते पुष्कळदा ऐकलंय. आवाज जसाच्या तसा, पण लोक मधेच हसतात ना, तेव्हा बाबांनी काय केलं असेल ते काही केल्या कळत नाही.

वारीत शब्दावाचून चालणारी सगळ्यात मोठी खूण समाजआरतीला पाहावी. माउलींची पालखी मुक्कामाला आली की भोवती दिंड्या उभ्या राहतात, टाळमृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप वर करतात आन् हजारो टाळ एकदम गप्प! एखाद्या दिंडीची तक्रार असली तर ती तेवढी टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्याकडं जाऊन म्हणणं ऐकून घेतात. ही शिस्त हैबतबाबांनी घालून दिली असं सांगतात. भांडण नाही, ओरडणं नाही. एक हात वर अन् एक टाळ चालू, एवढ्यात सगळं.

जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथं पाठांतर होतं, मृदंग, गायन होतं. हात मात्र जाणत्याच्या मागं टाळ धरून उभं राहिल्याशिवाय येत नाही. इथंच आता अडतंय. पोरं मोबाईलवर कीर्तन पाहून शिकतात. मोबाईलमधे दिसतात ते महाराज छातीपासून वर. मागचा टाळकरी दिसत नाही, समोरचा श्रोताही नाही. जे जास्त फिरतं ते सासू-सुनेच्या नकलेचं, मग पोरगं नक्कल उचलतं. अभंग चालू असताना हसवायला माझी ना नाही, तुकोबारायही फटकारायचे. पण हसून झाल्यावर हात परत चरणाकडं आला पाहिजे.

दोनेक वर्षांपूर्वी एका गावच्या सप्ताहात कॅमेरेवाल्यानं मला खूण केली, महाराज, जरा इकडं तोंड करा. तिकडं तोंड केलं असतं तर डावीकडं बसलेल्या सगळ्या बायांकडं पाठ झाली असती. मी काही वळलो नाही. तो बिचारा त्याचं काम करत होता.

आपल्या दिंडीत मुक्कामाच्या कीर्तनाला कॅमेरा अजून तरी टाळकऱ्यांच्या मागं, कनातीला लागून ठेवतात. पुढची जागा म्हाताऱ्या माणसांची, आन् दोन्ही बाजूंना नवी पोरं टाळ घेऊन उभी असतात, महाराजांच्या हाताकडं बघत.