खमिराच्या पेशीतला पाहुणा

खमीर हा शब्द मला वर्गात फोड करून सांगावा लागत नाही. तो उर्दूच्या तासाला चालतो, मराठीच्या तासालाही चालतो. नान, शीरमाल, पाव यांचे पीठ फुगवणारा हा सूक्ष्मजीव हजारो वर्षे माणसाच्या स्वयंपाकघरात आहे. विज्ञानाच्या पुस्तकात त्याला यीस्ट म्हणतात. 1978 साली शास्त्रज्ञांनी त्याच्यावर एक नवे काम सोपवले. जिवाणूत वाढवलेला डीएनए आपल्या पेशीत घ्यायचा आणि त्यातल्या सूचनेप्रमाणे वागायचे, असे ते काम होते. त्याचा आपल्या मोहल्ल्यातल्या मधुमेही माणसाशी काय संबंध, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी अडचण काय होती ते पाहू. 1921 साली टोरोंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढले आणि 1922 च्या जानेवारीत ते पहिल्यांदा एका मुलाला टोचले गेले. त्यापुढची साठ वर्षे जगातले इन्सुलिन कत्तलखान्यातून येत होते. गायीबैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून ते काढले जाई. त्यातही डुकराचे इन्सुलिन माणसाच्या अधिक जवळचे. साखळीतल्या 51 दुव्यांपैकी फक्त एक वेगळा, तर गायीच्या इन्सुलिनमध्ये तीन वेगळे. त्यामुळे काही रुग्णांना डुकराचेच इन्सुलिन अधिक मानवत असे.

माझ्या नात्यातल्या एका खाला रोज सुई टोचून घेण्याआधी तौबा करायच्या. जीव वाचवण्याची वेळ आली आणि दुसरा उपाय नसला, तर निषिद्ध वस्तूचीही मुभा आहे, हे मौलानांनी त्यांना समजावले होते. शरीयतमध्ये याला 'जरूरत' म्हणतात. मुभा मिळाली, पण खालांच्या मनाची टोचणी गेली नाही. बैलाच्या इन्सुलिनबद्दल हाच प्रश्न अनेक हिंदू घरांतही असणार.

आता प्रयोगशाळेकडे वळू. 1970 च्या दशकात शास्त्रज्ञांना जनुके कापता आणि जोडता येऊ लागली. जिवाणूत मुख्य डीएनएखेरीज प्लाझ्मिड नावाची डीएनएची छोटी कडी असते. त्या कडीत हवे ते जनुक बसवले की जिवाणू वाढताना त्याच्याही प्रती निघत जातात. याच मार्गाने यीस्टचे ल्युसीन बनवणारे जनुक ई. कोलाय या जिवाणूत नेले गेले. ल्युसीन बनवू न शकणाऱ्या जिवाणूची उणीव त्या जनुकाने भरून निघाली.

1978 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात हिनेन, हिक्स आणि फिंक यांनी हा प्रवास उलटा केला. त्यांनी घेतलेल्या यीस्टमध्ये ल्युसीनचे जनुक बिघडलेले होते. बाहेरून ल्युसीन दिल्याशिवाय ते वाढत नसे. यीस्टच्या पेशीभोवती जाड भिंत असते. त्या काळी ही भिंत गोगलगाईच्या पाचकरसातल्या एन्झाइमने विरघळवत. भिंत गेलेल्या नाजूक पेशींना कॅल्शियम आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉल यांच्या द्रावणात जिवाणूतून काढलेले प्लाझ्मिड दिले गेले. नंतर या पेशी ल्युसीन नसलेल्या बशीत वाढायला ठेवल्या. फार थोड्या पेशी वाढल्या, पण त्या वाढल्या म्हणजे जनुक पोचले होते. ते यीस्टच्या गुणसूत्रातच जाऊन बसले होते.

त्याच वर्षी एडिनबरा विद्यापीठात जीन बेग्ज या संशोधिकेने पुढचे पाऊल टाकले. यीस्टकडेही स्वतःची एक डीएनएची कडी असते. ती जिवाणूच्या प्लाझ्मिडला जोडून त्यांनी दोन्हीकडे टिकणारी जोडकडी तयार केली. ही कडी जिवाणूत वाढे आणि यीस्टमध्ये गुणसूत्रापासून वेगळी राहूनही वाढे. यशाचे प्रमाण एकदम वाढले.

इथे एक गोष्ट माझ्यासारख्या दोन भाषांच्या शिक्षकाला पटकन कळते. जिवाणू आणि यीस्ट यांची जनुकीय अक्षरे एकच, शब्दांचे अर्थही बहुतेक एकच. पण वाचन कुठून सुरू करायचे, याच्या खुणा वेगळ्या. उर्दू वही उजवीकडून उघडते आणि मराठी डावीकडून, तसे. म्हणून परके जनुक यीस्टने वाचावे असे वाटत असेल, तर त्याच्या आधी यीस्टची आरंभखूण जोडावी लागते.

या युक्तीचा पहिला मोठा लाभ हिपॅटायटिस बीच्या लसीला झाला. 1981 साली अमेरिकेत मंजूर झालेली पहिली लस विषाणूबाधित माणसांच्या रक्तद्रवापासून बनत असे. त्याच सुमारास एड्सची भीती पसरली आणि रक्तापासून बनलेली लस लोकांना नकोशी झाली. विषाणूच्या आवरणाचे प्रथिन जिवाणूत नीट जमत नव्हते. 1982 साली विल्यम रटर आणि बेंजामिन हॉल यांच्या गटांनी ते यीस्टमध्ये बनवून दाखवले. यीस्टमध्ये त्याचे विषाणूसारखेच कण तयार झाले, पण रोग देणारा गाभा त्यांत नव्हता. 1986 साली यीस्टमध्ये बनलेली लस अमेरिकेत मंजूर झाली.

ती आपल्या गरिबाला परवडणारी नव्हती. वरप्रसाद रेड्डी या अभियंत्याने हैदराबादेत शांता बायोटेक्निक्स ही कंपनी काढली. तिच्यात पैसे घातले ओमानचे परराष्ट्रमंत्री युसूफ बिन अलवी यांनी. 1997 साली यीस्टच्याच दुसऱ्या एका जातीत बनवलेली भारतीय लस बाजारात आली आणि या लसीचे भाव कोसळले. आंध्रचा रेड्डी, ओमानचा मंत्री आणि अमेरिकेत शोधलेली युक्ती. इल्मला वतन नसते, ते असे.

इन्सुलिनचे काय झाले? 1982 साली जिवाणूत बनवलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले. त्याच काळात डेन्मार्कच्या नोवो कंपनीने डुकराच्या इन्सुलिनमधला तो एक दुवा बदलून 'मानवी' इन्सुलिन काढले. नाव मानवी, पण मूळ डुकराचेच. 1987 पासून हीच कंपनी यीस्टकडून मानवी इन्सुलिन बनवू लागली. यीस्टची सोय अशी, की इन्सुलिनची पूर्वसाखळी नीट घडी घालून ते पेशीबाहेर सोडते. पुढे 2003 साली वोक्हार्टने यीस्टपासून बनलेले मानवी इन्सुलिन भारतात आणले. तेही आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादेत. पाठोपाठ बेंगळुरूच्या बायोकॉननेही ते बनवले. डुकराच्या स्वादुपिंडाची गरज उरली नाही.

'हे सगळे निसर्गाच्या विरुद्ध नाही का?' असे मला स्टाफरूममध्ये विचारले जाते. 1989 साली ओरेगॉन विद्यापीठात हाइनमन आणि स्प्रेग यांनी दाखवले, की जिवाणू यीस्टच्या नुसत्या सान्निध्यात आला तरी आपले प्लाझ्मिड स्वतःहून त्याला देऊ शकतो. तिथे माणसाला पेशीची भिंत विरघळवावी लागली नाही. दोन जीवजातींमधली जी भिंत आपण अभेद्य समजत होतो, तिला दार होते. म्हणून माणसाने केलेले सगळे योग्य ठरते, असे मी म्हणत नाही. जोखीम तपासलीच पाहिजे, नियम हवेतच. पण 'निसर्गात असे घडूच शकत नाही' हा आक्षेप टिकत नाही.

आजही लसीचा किंवा औषधाचा विषय निघाला की मोबाइलवर 'यात डुकराचे काहीतरी आहे' असा संदेश फिरू लागतो. प्रश्न विचारणे गैर नाही. आपल्या दीनने खाण्यापिण्याची खबरदारी शिकवली आहे. पण हलाल की हराम हे ठरवण्याआधी ती वस्तू कशी बनते हे माहीत असायला हवे आणि ते औषधागणिक वेगळे असते. इन्सुलिनच्या खोक्यावर 'आर-डीएनए ओरिजिन' असे बारीक अक्षरांत छापलेले दिसते. त्याचा अर्थ, हे इन्सुलिन जनुक जोडून सूक्ष्मजीवात बनवले आहे. कुणा मुस्लिम तरुणाने तेवढा अर्थ आपल्या नानीला तिच्या भाषेत समजावला, तर सुई घेताना तिच्या मनावरचे ओझे कमी होईल. फिरता संदेश पुढे ढकलण्यापेक्षा ते काम मला मोठे वाटते.